आनखी पाच फूट

रामटेके मिस्त्रींनी माझ्या दारातली माती खाल्ली, तेव्हा मी त्यांना ओळखतसुद्धा नव्हते.

आम्हाला भिलाईच्या क्वार्टरात येऊन चारच दिवस झाले होते. प्लांट उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे खड्डे, पाइप आणि लाल धूळ. मी दारासमोर दोन वाफे करून गुलाबाची कलमं लावत होते. एवढ्यात खाकी अर्धी चड्डी घातलेला एक उंच, काळाभोर माणूस आला, न विचारता माझ्या वाफ्याशी उकिडवा बसला, चिमूटभर माती उचलली आणि तोंडात टाकली. डोळे मिटून चावली. मग बाजूला थुंकून म्हणाला, "रेती हाय याच्यात, बाई. गुलाब नाई टिकनार. शेवंती लावा."

मी खुरपं टाकून आत पळाले आणि आमच्या ह्यांना सांगितलं, की शेजारी कुणीतरी वेडा राहतो. हे हसले. "वेडा नाही गं, तो बोरिंगचा मिस्त्री आहे. त्यानं हो म्हटल्याशिवाय इथे एक खांब उभा होत नाही."

गुलाब सगळे मेले, हे सांगायला नकोच. पुढच्या वर्षी मी मुकाट्याने शेवंती लावली.

मिस्त्रींचं काम असं होतं. जिथे भट्टी किंवा मोठी मशीन बसायची, तिथे आधी जमिनीत भोक पाडून खाली काय आहे ते पाहायचं. तिपाई उभी करायची, पाइप उतरवायचा, आठ माणसांनी दांडे धरून गोल गोल फिरायचं. दर पाच फुटांची माती वर काढून लाकडी डब्याच्या कप्प्यात ठेवायची आणि कप्प्यावर खोली लिहायची. त्या डब्यावरून साहेब लोक पाया किती खोल घ्यायचा ते ठरवत. पण डबा साहेबांकडे जायच्या आधी प्रत्येक कप्प्यातली चिमूट मिस्त्रींच्या तोंडात जायची. चिकणमाती दाताखाली लोण्यासारखी सरकते, गाळाची माती करकरते, आणि ते हाताला कळत नाही पण दाताला कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. इथली काळी कन्हार, पिवळी मटासी, लाल भाटा, सगळ्यांच्या चवी त्यांना पाठ होत्या.

"आमच्या घरान्यात कोनाच्या नावावर बोटभर जमीन नव्हती," ते म्हणायचे, "म्हनून सरकारनं मले सगळ्याईची जमीन चाखाले ठेवलं."

त्यांचं गाव भंडाऱ्याकडचं. नागपूरला दीक्षा घेऊन परतले आणि तिथूनच थेट भिलाईच्या गाडीत बसले. हातात एक वळकटी आणि मागे सगुणाबाई. या सगुणाबाई म्हणजे त्यांच्यापेक्षा वीतभर बुटक्या आणि त्यांच्यापेक्षा दुप्पट शहाण्या. मातीचे मोडके डबे त्यांनी घरी आणून धुतले होते आणि त्यात डाळी, मिरे, हळद भरली होती. कप्प्यांवरचे आकडे मात्र तसेच. "कुंदाबाईले पंधरा फुटातली तूर दे वो," असं मिस्त्री घरातून ओरडायचे, आणि मला वाटीभर डाळ मिळायची. सगुणाबाई कपाळाला हात लावायच्या. "जमिनीची चव समजते यायले. भाजीत मीठ नाई, थे समजत नाई."

मिस्त्रींचं आवडतं वाक्य एकच होतं: "आनखी पाच फूट."

पाइप दगडाला लागला, की टोळीतली माणसं खूश व्हायची. संपलं काम! मिस्त्री पाइपाला कान लावायचे, तोंडातली तंबाखू डाव्या गालातून आणखी आत ढकलायचे आणि म्हणायचे, "आनखी पाच फूट." माणसं मनात शिव्या द्यायची. काही जण मोठ्याने द्यायचे. मिस्त्री ऐकून घ्यायचे. "पयल्या दगडावर जो थांबला, थो मिस्त्री नोहे, पाव्हना हाय."

एकदा एका भट्टीच्या जागेवर वीस-पंचवीस फुटांवर असा टणक दगड लागला, की पाइप टणटण वाजायला लागला. रशियन साहेब आला, दुभाषा आला, साहेबाने मान हलवली. झालं, इथेच तळ. मिस्त्री पुढे होऊन दुभाष्याला म्हणाले, "साहेबाले सांग, आनखी पाच फूट." साहेब चिडला. दुभाष्याची पंचाईत. शेवटी साहेबाने घड्याळ दाखवलं, म्हणजे एक तास देतो. पाऊण तासाने तो टणटणीत दगड फुटला आणि पाइप आपोआप तीन फूट खाली सरकला. दगड म्हणजे चुनखडीची नुसती फरशी होती, खाली मऊ चिखल! मिस्त्रींनी तो चिखल बोटावर घेतला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला आणि अर्धा साहेबापुढे धरला. आणि साहेबाने खाल्ला हो! खोकून खोकून त्याचे डोळे लाल झाले. पण दुसऱ्या दिवशी त्याने मिस्त्रींना एक हातात धरायचं भिंग भेट दिलं. सगुणाबाई पुढे कित्येक वर्षं त्या भिंगाने तांदळातले खडे पाहत.

हे सगळं सांगायचं कारण, की हाच माणूस स्वतःच्या बाबतीत पहिल्या दगडावर थांबला. त्याचा मला आलेला राग अजून पुरता गेलेला नाही.

मी दवाखान्याच्या लॅबमध्ये होते. रक्त, लघवी, थुंकी तपासायची. मिस्त्री मला "डॉक्टरीन बाई" म्हणायचे, मी नाही म्हटलं तरी. एक दिवस ते माझ्या टेबलापाशी आले आणि गाल बोटाने ताणून म्हणाले, "हे पाहा बरं काय होय."

डाव्या गालाच्या आत, बरोबर जिथे तंबाखू ठेवायचे तिथे, पांढरंशुभ्र काहीतरी उगवलं होतं. फुलकोबीच्या तुकड्यासारखं, खरखरीत. "केव्हापासून आहे हे?"

"असन दोन-तीन वर्साचं. दुखत नाई, खुपत नाई. हळूहळू वाहाडून राहिलं."

"तीन वर्षं! आणि आता दाखवता?"

"दुखत नाई तं कायले दाखवा?"

कारणही त्यांनी स्वतःच शोधून ठेवलं होतं. मातीमुळे झालं. एवढ्या जागची माती खाल्ली, कुठली तरी बाधली. म्हणून त्यांनी बंदोबस्तही केला होता. माती आता उजव्या दाताने चावायची, आणि डावा गाल फक्त तंबाखूला मोकळा ठेवायचा! मी कपाळावर हात मारून घेतला. सगुणाबाई म्हणाल्या, "म्या सांगतलं तं म्हनते, तंबाखू औषधी हाय, थे कीड मारते."

डॉक्टर बंगाली होते, तरुण, मऊ बोलणारे. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरवलं. इथे मिस्त्री अडून बसले. गाठीला लोखंड लागलं की गाठ भडकते, असं त्यांच्या गावाकडे सगळे म्हणत. त्यांच्या मामाची अशीच भडकली होती म्हणे. डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. अखेर तोड निघाली, की फक्त वरचं वरचं, शेंड्यावरचं थोडंसं काढायचं, खाली हात लावायचा नाही. मिस्त्रींनी बोट नाचवत तीन वेळा बजावलं. डॉक्टरांनी नखाएवढा तुकडा काढला. मी तो बाटलीत घालून नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवला.

पंधरा दिवसांनी त्या तुकड्याचा पातळ काप लावलेली काच आली, सोबत रिपोर्ट आला. मी सुट्टीवर होते. मिस्त्रींनी तो एका इंग्रजी जाणणाऱ्या बाबूकडून वाचून घ्यायला सुरुवात केली. पहिली ओळ अशी होती, की या तुकड्यात कॅन्सर दिसत नाही. बाबूने तेवढं सांगितलं मात्र, मिस्त्रींनी कागद त्याच्या हातातून घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि अख्ख्या लाइनीत बुंदी वाटली. मी परत आले तेव्हा माझ्याही वाटणीची बुंदी सगुणाबाईंनी झाकून ठेवली होती. मी ती खाल्ली. गोड होती. कागद पाहायला मागितला तर म्हणाले, ठेवला कुठंतरी. दवाखान्यातून बोलावणी गेली, तर मिस्त्री साइटवर. मग हे रोजचंच झालं.

यात वर्ष गेलं. फुलकोबी गालभर झाली. त्यांचं बोलणं जाड झालं, जेवताना घास अडकायला लागला. एक दिवस सगुणाबाई एकट्या माझ्याकडे लॅबमध्ये आल्या. त्यांनी पदराच्या गाठीतून तो घडी घातलेला कागद काढला. "यायच्या कोटात सापडला. तू वाच, बाई. शेवटपर्यंत वाच."

दुसरी ओळ होती, तुकडा फार वरवरचा आहे. तिसरी ओळ होती, खालचा भाग पाहिल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही, तरी कृपया खोल तुकडा पाठवावा.

मी वाचून दाखवलं. सगुणाबाई रडल्या नाहीत. "उद्या आनतो त्यायले," एवढंच म्हणाल्या. त्यांनी ते कसं जमवलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्यासमोर स्टुलावर होते, आणि दाराशी सगुणाबाई.

मी भांडायचं ठरवून बसले होते. पण त्यांचा तो सुजलेला गाल पाहून मला भांडताच येईना. मी गेल्या वर्षीची काच काढली, मायक्रोस्कोपखाली लावली आणि म्हटलं, "काकाजी, या पाहायला."

आधी त्यांनी भलताच डोळा मिटला. मग दोन्ही मिटले. मग दिसायला लागलं. आणि दिसल्यावर तो माणूस बदललाच. पाठ ताठ झाली, श्वास हळू झाला. डबा समोर आल्यावर जसा व्हायचा तसा.

"हे गुलाबी गुलाबी, परतावर परत. काय होय?"

"तुमच्या गालाचं वरचं कातडं. जाड झालेलं."

"अन् त्याच्या खाली?"

"खाली काही नाही."

"काही नाई कसं? जमिनीच्या खाली काही ना काही असतेच."

"असेल. पण काचेवर नाही. तुकडा तिथेच संपला."

मिस्त्रींनी डोळा काढला आणि चांगलेच तापले. "ह्याच्यावर कोन्या गाढवानं रिपोर्ट मांगतला? ह्याले तळच नाई! वरची ढेपली उचलून आनली अन् म्हनते पाया सांगा. असा डबा माह्यापुढं कोनी आनला असता नं, तं थोच डबा त्याच्या डोक्यावर देऊन धाडला असता वापस!"

"कोणी आणला ते सांगू का, काकाजी?"

दाराशी सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. ते हसू होतं की रडू, मला दिसलं नाही. मिस्त्रींनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "लोखंड लागलं का भडकते म्हनतात, बाई."

"आयुष्यभर जमिनीत लोखंड घातलंत. भडकली का जमीन?"

"जमीन काय माही होती?" ते म्हणाले. "गाल माहा हाय."

इतकी वर्षं ह्या माणसाला भीती नावाची गोष्ट नसते असंच मी धरून चालले होते. मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. माझ्या त्या वयात धरता आला नाही.

शेवटी तेच उठले. डॉक्टरांच्या खोलीत गेले, खुर्चीत बसून आ केला आणि मग बंद करून सूचना दिली, "डॉक्टर साहब, तळापर्यंत घ्या. दगड लागला तरी थांबू नका. आनखी पाच फूट."

डॉक्टर म्हणाले, "पाँच फुट में तो आप खुद पूरे हो जाएँगे, मिस्त्रीजी."

या वेळी तुकडा खोल घेतला. बाटलीवरची चिठ्ठी मिस्त्रींनी मला स्वतः सांगून लिहायला लावली: बोअर नंबर दोन, जागा डावा गाल, खोली तळापर्यंत. आणि पोस्टाने पाठवायला साफ नकार. सॅम्पल मिस्त्री स्वतः पोचवतो, असा त्यांचा कायदा होता. बाटली सगुणाबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दोघं पॅसेंजरने नागपूरला निघाले.

त्या प्रवासाची गोष्ट सगुणाबाई पुढे दर सणाला सांगायच्या. डबा खचाखच भरलेला. मिस्त्री मांडीवर बाटली धरून बसलेले. समोरच्या माणसाने विचारलं, काय आहे? मिस्त्री म्हणाले, लोणचं. तो माणूस भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसला होता. म्हणाला, द्या थोडं. मिस्त्रींनी त्याला शांतपणे सांगितलं, "द्याले हरकत नाई. पन माह्या गालाचं हाय." दोन मिनिटांत अख्खा बाक रिकामा झाला. मिस्त्री पाय लांब करून गोंदियापर्यंत झोपले.

रिपोर्ट आला, तो पाकीट न फोडता माझ्याकडे आला. मिस्त्री समोर बसले. "शेवटची ओळ पयले वाचा," म्हणाले. एवढं शहाणपण त्यांना आलं होतं.

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की ही गाठ सगळी काढून टाकली तर माणूस बरा होऊ शकतो, उशीर करू नये. मग मी वरून वाचत आले. नाव होतं व्हेरुकस कार्सिनोमा. स्क्वेमस सेल कार्सिनोमा म्हणजे तोंडात नेहमी होणारा कॅन्सर. त्याचाच हा एक क्वचित दिसणारा, आळशी भाऊ. चामखिळीसारखा दिसतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. वरून कितीही खरवडलं तरी सापडत नाही, कारण वर नुसतं जाड कातडं असतं. खोल जाऊन पाहिलं तरच दिसतं, की तळाशी तो हत्तीच्या पायासारखे गोल पाय रोवून खालचं मांस ढकलत चालला आहे. इकडेतिकडे बी सहसा फेकत नाही, एवढीच त्याची मेहरबानी.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हनजे पाया खचून राहिला," ते म्हणाले.

"तसंच."

"तं काढा नं मंग."

नागपूरला ऑपरेशन झालं. गाल गेला, डावीकडच्या दाढा गेल्या. कपाळाची कातडी वळवून गालाला लावली. तीन महिन्यांनी ते परत आले तेव्हा मी दारात उभी होते, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला पाहवलं नाही. तोंड एका बाजूला ओढलेलं. उघडत होतं जेमतेम दोन बोटं. मिस्त्रींना ते कळलं असावं. कारण त्यांनीच सुरुवात केली, जाड, सांडणाऱ्या आवाजात: "आता नशीब फुटलं तं कपाळावर हात मारून फायदा नाई, बाई. गालावर मारा लागन. कपाळ तिथं गेलं."

मी हसले आणि हसता हसता रडले. सगुणाबाईंनी मला पंधरा फुटातली तूर दिली.

तंबाखू सुटली. चुन्याच्या डबीत ते बडीशेप ठेवायला लागले आणि बडीशेपेला सगळ्यांसमोर शिव्या द्यायला लागले. माती खायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. मिस्त्री मान डोलवून हो म्हणाले होते. त्यांची ती मान मी चांगली ओळखत होते, म्हणून दर वर्षी तपासायला आले की मी आधी जिभेवर लाल डाग आहे का ते पाहायची.

गाठ परत आली नाही. नोकरी संपली, ते गावी गेले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते भिलाईलगतच्या रिसालीला. आम्ही तिथे प्लॉट घेतला होता, घराचा पाया खणणं चालू होतं. मिस्त्री जवळच रुआबांध्याला मुलीकडे आले होते. सगुणाबाई तोवर गेल्या होत्या. काठी टेकत, कुणाला न विचारता, ते आमच्या खड्ड्यापाशी हजर झाले. बांधणारा ठेकेदार म्हणाला, मुरूम लागला, आता काँक्रीट टाकू. त्याने आजोबांचं मन राखायला ढिगावरची मूठभर माती पुढे केली.

"वरची नको. तळाची."

त्याने मजुराला उतरायला सांगितलं. मिस्त्री म्हणाले, नाही, मीच उतरतो. मी ओरडले, "काकाजी, वय काय, करता काय!" पण तोवर दोन मजुरांनी त्यांना बगलेत धरून खाली सोडलं होतं. वरून फक्त पांढरं डोकं दिसत होतं. त्यांनी वाकून तळाची माती खरवडली, जेमतेम दोन बोटं उघडणाऱ्या तोंडात उजव्या बाजूने बोटाने सरकवली आणि डोळे मिटले. फावडी थांबली. आमचे हे माझ्या कानात पुटपुटले, "आता आणखी पाच फूट." मीही तेच ऐकायला तयार होते.

मिस्त्री चावत राहिले. पुष्कळ वेळ. तो अर्धा उरलेला जबडा अजून माती वाचत होता, आणि मला इतका आनंद झाला की मनाई करायचंही सुचलं नाही. मग ते थुंकले. वर माझ्याकडे पाहिलं.

"पुरे," म्हणाले. "लागला तळ."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकलं. सगळे नुसते पाहत उभे राहिले.

"अबे पोट्टेहो, पाहून काय राहिले?" खालून आवाज आला. "काढा नं वर. का मलेच पुरून देता पायव्यात?"